आखूड जीप

शिवाजीराव शितोळे फौजेत ड्रायव्हर होते. पेन्शनीत निघाल्यावर ते झाशीला खंडेराव गेटाजवळच्या आपल्या घरी आले, तेव्हा आम्हा शेजाऱ्यांना वाटलं की आता हा माणूस स्टिअरिंगला हात लावायचा नाही. त्यांच्या पत्नी इंदुमतीबाई गुरसरायच्या पुढे सेमरी गावात सरकारी नर्स होत्या. आठवडाभर तिकडेच राहायच्या, रविवारी झाशीला यायच्या. एका श्रावणात तिथल्या खोलीत त्यांना साप चावला.

सेमरीच्या अलीकडे एक नाला आहे. पावसात त्याच्या दोन्ही काठांचा काळा चिखल होतो आणि रुग्णवाहिका अलीकडेच थांबते. गावकऱ्यांनी कुणाची तरी भाड्याची मोटार मिळवली, ती नाल्यात रुतली. माणसं ढकलत राहिली आणि बाईंनी मागच्या सीटवरच प्राण सोडला. शिवाजीराव झाशीहून पोचले तेव्हा मोटार अजून तिथेच होती.

त्यानंतर वर्षभर ते कुणाशी धड बोलले नाहीत. मग एकदा जेवता जेवता त्यांनी मुलीला, स्वरदाला सांगितलं, की चारही चाकांना जोर असलेली एक जुनी जीप घ्यायची आणि पावसाचे महिने सेमरीत जाऊन राहायचं. पुन्हा कुणी नाल्यात अडकायला नको. स्वरदा बँकेत नोकरीला. मराठी तिला सगळी कळते, पण तोंडात हिंदीच येते. ती नाही म्हणाली नाही. आई तर तिचीच गेली होती.

दोन गाड्या नजरेत होत्या. एक छावणीच्या लिलावातून सुटलेली आखूड जीप. हुडाचं कापड फाटलेलं, मागे समोरासमोर दोन छोटी बाकं, पण इंजिन ठणठणीत. दुसरी एका जंगल ठेकेदाराची लांब जीप. तिच्या मागच्या भागात माणूस पाय पसरून निजू शकला असता. शिवाजीरावांनी दोन्ही मालकांना गळ घातली आणि दोन्ही गाड्या सेमरीच्या नाल्यात नेऊन बघितल्या. आखूड जीप उतरली, चिखल उडवत शेळीसारखी पलीकडच्या काठावर चढली. लांब गाडीचं पोट काठाला घासलं, मागची चाकं जागच्या जागी फिरत राहिली. शेवटी ट्रॅक्टर लावून ओढावी लागली.

निवड झाली होती. तरी स्वरदा त्या आखूड जीपमध्ये वाकून बाकांकडे बघत राहिली. मग म्हणाली, "बाबा, इसमें आई को लिटाते कहाँ?"

शिवाजीराव टायरचा चिखल काठीने काढत होते. मान वर न करता म्हणाले, "नाल्यातनं निघाली असती तर ती बसूनही पोचली असती."

त्या पावसाळ्यात आखूड जीपने पुष्कळ काम केलं. एक बाळंतीण वेळेवर पोचली, तापाने फणफणलेली पोरं पोचली, विंचू चावलेला एक म्हातारा पोचला. गावात लोक त्यांना 'फौजी कक्का' म्हणू लागले. स्वरदा सांगते, त्या दिवसांत बाबा पुन्हा पोटभर जेवायला लागले होते.

भादव्यात रतीराम नावाचा तरुण शेळ्यांसाठी पाला तोडताना कडुनिंबावरून पडला. शुद्धीवर होता, पाठीत कळ येते म्हणत होता. नाला भरून वाहत होता आणि जीपमध्ये आडवं ठेवायला जागा नव्हती. त्याला बाकावर बसवलं, दोघांनी काखेत धरलं. नाल्याच्या काठावर जीप उसळली तेव्हा तो ओरडला. पुढे गुरसराय येईपर्यंत तो गप्प होता.

झाशीच्या डॉक्टरांनी सांगितलं, मज्जारज्जूला इजा झाली आहे, कमरेखाली आता ताकद राहिलेली नाही. शिवाजीरावांनी विचारलं ते एवढंच, की हे झाडावरून पडल्यामुळे झालं की गाडीत. डॉक्टर म्हणाले, आता ते कुणीच सांगू शकणार नाही, पण आडवा आणायला हवा होता.

दुसऱ्या दिवशी शिवाजीराव ठेकेदाराकडे गेले. लांब जीप तोवर भंगारात तोडली गेली होती. मग त्यांनी आखूड जीपचं एक बाक आणि ड्रायव्हरशेजारची सीट उखडून काढली आणि तिथे फळी बसवली. तिच्यावर निजलेल्याचे पाय मागून बाहेर यायचे, पण पाठ सरळ राहायची. हे आधीही करता आलं असतं. ते त्यांना स्वरदाने सांगितलं नाही, त्यांचं त्यांनाच कळलं.

पडून राहून रतीरामच्या पाठीला जखमा झाल्या. मलमपट्टीसाठी त्याला झाशीला आणावं लागे, आणि आणायचे शिवाजीरावच. एकदा फळीवर पडल्या पडल्या रतीराम म्हणाला, "कक्का, सुना है एक लंबी गाड़ी भी देखी थी तुमने."

"देखी थी."

"फिर?"

"वो नाले से नहीं निकलती थी." बराच रस्ता गेल्यावर ते म्हणाले, "हम तो बस नाला ही देखते रहे, रतीराम."

रतीरामने डोळे मिटून घेतले.

थंडीत जखमा चिघळल्या, विष अंगभर गेलं आणि तो रुग्णालयातच वारला. त्याला गावी न्यायला शिवाजीराव गेले. स्वरदा सोबत होती. नाला कोरडा पडला होता, कुठलीही गाडी गेली असती. अंगणात त्याला उतरवलं तेव्हा त्याची आई जीपकडे पाठ करून बसली आणि शिवाजीराव निघेपर्यंत वळली नाही. शिवाजीराव दाराशी उभे राहिले. आत जावं की नाही, हे त्यांना ठरवता येईना.

सगळं आटोपल्यावर रतीरामचा बाप बाहेर आला. शिव्या देईल, असं स्वरदाला वाटलं. तो जीपच्या बॉनेटला टेकून बिडी पेटवत राहिला, ती पेटेना. मग बुंदेलीत म्हणाला, की धाकट्या सुनेचे दिवस आषाढात भरतात. "गाड़ी इतईं राखियो."

तेव्हा गाडी इथेच ठेवा, एवढंच. शिवाजीरावांनी होकार दिला, "हओ." आणि परतीच्या वाटेवर गुरसरायच्या अलीकडे त्यांनी जीप बाजूला घेतली, किल्ली स्वरदाच्या हातात दिली आणि म्हणाले, "तू चालव. मला आता जमत नाहीये."