"घरी विचारून सांगते" म्हणाले आणि पस्तावले

मंडळी, आज मन थाऱ्यावर नाही.

धारूरच्या माझ्या घराच्या वरच्या दोन खोल्या रंगवून काल ग्रुपवर जाहिरात टाकली होती, "फक्त फॅमिलीला भाड्याने देणे."

दुपारी एक सिस्टर आईला घेऊन आल्या. नुकतीच इथल्या दवाखान्यात बदली झालेली. आईला गच्ची लई आवडली.

मी विचारलं, "मिस्टर कुठं असतात?"

"न्हाईत. आमी दोघीच. आमी फॅमिली न्हाई का, ताई?"

मी गडबडून म्हणाले, "घरी विचारून सांगते."

त्या गेल्या. संध्याकाळी मी तीनदा फोन लावला. शेवटी उचलून म्हणाल्या, "राहू द्या ताई, मिळाली दुसरीकडं."

घर माझ्या नावावर आहे. राहतेही मी एकटीच. मग मी विचारणार तरी कुणाला होते? तुमचंही कधी असं झालंय का?