क्रोचेत्ताच्या पलीकडे

एर्सिलिओ न्हावी मोटार चालवायला कधी शिकलाच नाही. पिएवेसेका गावात त्याची थट्टा करून करून लोक थकले, पण हा काही सायकलवरून उतरला नाही. सत्तरी ओलांडली तरी दर रविवारी सकाळी बायका चर्चमध्ये गेल्या की तो दुकानाच्या पायरीवर बसून बुटांच्या नाड्या आवळायचा, कालचं वर्तमानपत्र घडी करून जर्सीच्या आत छातीवर सरकवायचा आणि क्रोचेत्ताची खिंड चढायला लागायचा. उतारावरच्या गार वाऱ्याला छातीवर कागद हवाच. हे आमच्याकडे पोरांना प्रार्थनेच्याही आधी शिकवतात.

खिंडीपलीकडे रोकाल्टा. तिथल्या दफनभूमीत त्याची बायको होती, इनेस.

इनेस मूळची रोकाल्टाचीच. लग्न करून इकडे आली, सगळा जन्म इथे काढला, आणि शेवटच्या आजारात नवऱ्याला म्हणाली, "मला आईशेजारी ठेव. तुझ्या गावाचं पाणी मला कधी गोड लागलं नाही." एर्सिलिओच्या ते फार जिव्हारी लागलं. एवढा संसार केला आणि शेवटी बाई माहेरी निघून गेली! पण शब्द दिला होता, तो पाळला. खिंडीखालून बोगदा होऊन जमाना झाला होता, बसही जायची. पण लग्नाआधी तो तिला भेटायला सायकलवरून गेला होता, आणि आताही तसाच जाणार होता. "बोगद्यातून सासुरवाडीला जायला मी काय उंदीर आहे?" असं तो गिऱ्हाइकाच्या कानाशी कात्री वाजवत म्हणायचा. कात्री कानाशी असताना कोण वाद घालतो?

गेल्या हिवाळ्याच्या तोंडाशी चेस्टनटच्या झाडांखालचा खडा चढ लागला आणि त्याच्या छातीवर कोणी पोतं ठेवावं तसा दाब आला. तो उतरला, दगडी कठड्याला धरून उभा राहिला. जरा वेळानं दाब ओसरला. एर्सिलिओ समजला, वारा लागला. पिएवेसेकात माणसाला काहीही झालं तरी कारणं दोनच असतात, वारा नाहीतर मान. तिसरं कारण काढणाऱ्याला लोक शहरी म्हणतात.

पुढच्या रविवारी त्यानं दोन वर्तमानपत्रं घातली. त्यानंतर लोकरीची बंडी, तिच्यावर पुरवणीसकट जाडजूड अंक. त्याच्यासोबत चढणारा ग्वाल्तिएरो, जुना सुतार आणि त्याहून जुना मित्र, पोट धरून हसला.

"अरे, वाचनालय घेऊन निघालास काय लेका? दमलास की बसून वाचायला?"

"छातीत वारा शिरलाय."

"मग बरोबर. राजकारणाचं पान बाहेरून ठेव, तिथून वारासुद्धा आत जाणार नाही."

छातीचं दुखणं त्यानं ग्वाल्तिएरोला सांगितलं ते एवढंच. चढावर डोळ्यांपुढे अंधारी यायची, ते थोरल्या बहिणीला, झेलिंदाला सांगितलं. ती तडक कापराचं तेल घेऊन आली. "मानेत आहे सगळं," ती रगडत म्हणाली. "जन्मभर लोकांच्या टाळक्यांवर वाकून उभा राहिलास, दुसरं काय होणार?" न्हाव्याला हे पटायला वेळ लागत नाही. आणि पूर्वी जो चढ तो गाणं म्हणत चढायचा, तिथं आता दोन शब्द बोलताना धाप लागायची, हे मात्र त्यानं कोणालाच सांगितलं नाही. म्हातारपण ही काय सांगायची गोष्ट आहे? अशी एकाच दुखण्याची तीन तोंडं तीन ठिकाणी ठेवली गेली आणि ग्वाल्तिएरो, झेलिंदा आणि तो स्वतः, तिघांनाही वाटलं, आपल्याला सगळं ठाऊक आहे.

खरी भीती त्याला वेगळीच होती. डॉक्टरकडे गेलो तर सायकल सुटेल. सायकल सुटली तर इनेस सुटेल.

मे महिन्यात, माथा समोर दिसत असताना, एर्सिलिओ सायकलसकट गवतात कोसळला. डोळे उघडले तर वर ग्वाल्तिएरोचं तोंड, रडतंय आणि शिव्या देतंय.

"मेलास का रे गाढवा? बोल की!"

"दोनच वळणं राहिलीत," एर्सिलिओ म्हणाला.

"खड्ड्यात गेली तुझी वळणं!"

एका दूधवाल्याच्या गाडीत सायकल आणि माणूस घालून त्याला खाली आणलं. इनेस गेल्यापासून पहिल्यांदाच त्याचा रविवार चुकला.

गावची डॉक्टर मिरेल्ला तरुण होती. तिच्या बापाचे केस एर्सिलिओच कापायचा. तिनं त्याच्या छातीला नळी लावली आणि बराच वेळ ऐकत राहिली.

"काय होतंय, काका?"

"मान धरलीये. बाकी ठणठणीत."

"आणि छातीत दुखतं ते?" ग्वाल्तिएरो दारातून ओरडला.

सोबत आलेली झेलिंदा त्याच्याकडे वळली. "छातीत? मला तर चक्कर म्हणाला होता!"

"चक्कर? मला कुठं बोलला चकरेचं?"

मिरेल्लानं हलकेच विचारलं, "दमही लागतो ना, काका?"

एर्सिलिओनं मान खाली घातली. मग घाईघाईनं म्हणाला, "पण थांबलं की लगेच बरं वाटतं! म्हणून तर म्हणतो, वाराच आहे."

"काका, वारा कधी लागतो? चढताना की उतरताना?"

"उतरताना."

"आणि तुम्हाला दुखतं कधी?"

जन्मभर सायकल चालवलेली दोन माणसं तिथं होती, आणि एवढी साधी गोष्ट दोघांपैकी एकाच्याही ध्यानात आली नव्हती. ग्वाल्तिएरो आपली टोपी चुरगाळत बसला.

"चढताना होतं आणि थांबलं की जातं, यानंच मला घोर लागलाय," मिरेल्ला म्हणाली. "हृदयातून रक्त बाहेर पडतं तिथं एक झडप असते. तुमची आखडलीये असं वाटतंय. खुर्चीत बसलात की तेवढ्या फटीतून भागतं. चढ लागला की अंग जास्त रक्त मागतं, पण फट काही मोठी होत नाही. मग धाप लागते, छाती दाबल्यासारखी होते, डोक्याला रक्त कमी पडलं की चक्कर येते. तिन्ही एकाच घरची भावंडं आहेत, काका. तुम्ही त्यांना तीन घरी पाठवलंत."

शहरातल्या इस्पितळात तपासण्या झाल्या आणि तिचंच खरं निघालं. झडप बदलायची, शरद ऋतूच्या आधी बोलावू, तोवर चढ बंद. सायकल ढकलतसुद्धा जायचं नाही. "पुढच्या वेळी डोळे उघडालच असं नाही," मिरेल्लानं बजावलं.

"आणि नंतर? चढता येईल?"

"पुष्कळ जण चढतात. पण शब्द देत नाही."

मग रविवारमागून रविवार गेले. एर्सिलिओ दुकानाच्या पायरीवर बसून खिंडीकडे पाहायचा. ढग उतरले की माथा दिसेनासा व्हायचा, आणि त्याला वाटायचं, इनेस अजून लांब गेली. घरी तिची उशी त्यानं कधी हलवली नव्हती. आता तो रात्री तिच्यावर हात ठेवून झोपायचा. तिच्या दगडावर गवत वाढलं असेल, आणि तिथं उभं राहायला आपण नाही, या विचारानं तो अर्ध्या ताटावरून उठायचा. माणूस गेल्याचं दुःख तो पेलत आला होता. भेटायला जाता येत नाही हे त्याला पेलवेना.

"बसनं जा की," झेलिंदा म्हणाली.

"बसनं? म्हातारा झालो म्हणून सांगू तिला?"

झेलिंदा ही फटकळ बाई. तिनं हातातली भाजीची टोपली खाली ठेवली. "इनेस दर महिन्याला आईला भेटायला कशानं जायची रे? विमानानं? बसनंच जायची, एकटी. सोबत चल म्हणून तुझ्या विनवण्या करायची. तू काय म्हणायचास? दुकान आहे, आणि बोगद्यातून मी येत नाही. बस, बस इथं तुझ्या सायकलला मिठी मारून!"



पुढच्या रविवारी त्यानं कोट घातला आणि बसमध्ये खिडकीशी बसला. शेजारी कोणी आलं नाही. बोगदा सुरू झाला तशी काच काळी झाली आणि तिच्यात त्याला स्वतःचंच तोंड दिसायला लागलं. इनेसला इतकी वर्षं काचेत कोण दिसलं असेल? मग उजेड आला आणि रोकाल्टा एकदम समोर उभं राहिलं, छपरं, मनोरा, ओट्यावर वाळत घातलेल्या चादरी. खिंडीवरून ते हळूहळू उलगडायचं. असं एकदम अंगावर कधी आलं नव्हतं. या ठिकाणी तिचा चेहरा कसा खुलत असेल, ते त्यानं एकदाही पाहिलं नव्हतं.

दफनभूमीत त्यानं गवत उपटलं, रुमालानं दगड पुसला. पूर्वी तो यायचा तो धापा टाकतच. श्वास जागेवर येईपर्यंत उभा राहायचा आणि जेवणाआधी परत फिरायचा. आज श्वास शांत होता आणि परतीची बस पार संध्याकाळी होती.

तो दगडाच्या कडेला बसला.

"बसनं आलो गं," तो म्हणाला. "शेजारी कोणी नसलं की तो बोगदा संपतच नाही. मला हे ठाऊकच नव्हतं."