सिस्टर आणि पहिली फेरी

खेळाडू बॅग घेऊन कोर्टवर आला, की त्याचं काय दुखतंय ते सिस्टर सांगून टाकायच्या. "डाव्या टाचेवर भार देत नाहीये, बघ." एवढं बोलून त्या चहाचा घोट घ्यायच्या. दुसऱ्या सेटमध्ये तो खेळाडू खुर्चीत बसून बूट काढायचा, फिजिओ धावत यायचा आणि समालोचक मोठ्या आश्चर्याने सांगायचा, की टाचेला काहीतरी झालेलं दिसतंय. सिस्टरांना त्याचं काहीच वाटायचं नाही. सगळी नोकरी त्यांनी सरकारी दवाखान्यात, हाडांच्या वॉर्डात काढली होती. रात्रंदिवस लंगडणारी माणसं पाहिलेल्या बाईला टीव्हीवरचा लंगडा ओळखायला कितीसा वेळ लागणार?

गंगापूर रोडच्या आतल्या एका गल्लीत आमची तीन मजली बिल्डिंग. सिस्टर तळमजल्यावर एकट्या राहायच्या आणि मी बरोबर त्यांच्या डोक्यावर, तोही एकटाच. त्या मूळच्या देवळ्याच्या. लग्न केलं नव्हतं. त्यांचं नाव लेटरबॉक्सवर लिहिलेलं होतं, पण ते कुणी वाचत नसे. बिल्डिंगमधल्या आजोबांपासून दूधवाल्यापर्यंत सगळ्यांना त्या सिस्टरच.

आमची ओळख मात्र तक्रारीतून झाली. जानेवारी होता, नाशिकची थंडी अशी की सकाळी नळाला हात लावावासा वाटू नये. आणि रोज साडेपाचला खालून टीव्हीचा आवाज. ठक, ठक, ठक, मग टाळ्या, मग पुन्हा ठक ठक. तिसऱ्या दिवशी मी अंगावर ब्लँकेट घेऊनच खाली गेलो. तपकिरी स्वेटर, कानटोपी अशा अवतारात सिस्टरांनी दार उघडलं आणि मी तोंड उघडायच्या आत म्हणाल्या, "ब्रेक पॉइंट आहे. आत ये, दार लाव, वारं येतंय." ऑस्ट्रेलियन ओपन चालू होती. मी भांडायला गेलेला माणूस आल्याचा चहा पिऊन आठ वाजता बाहेर पडलो, आणि सातपूरला जाणारी कंपनीची बस चुकवली.

तेव्हापासून जानेवारीतले ते दोन आठवडे माझा कप त्यांच्याकडेच असायचा. परदेशी आडनावांच्या वाटेला त्या जात नसत. प्रत्येक पॉइंटनंतर तोंड पुसणारा तो टॉवेलवाला. सर्व्हिसच्या आधी चेंडू पंधरा वेळा आपटणारा तो गवंडी. एक उंच, वाकून चालणारी मुलगी होती, तिला त्या 'आमची निर्मला' म्हणायच्या. त्यांच्या वॉर्डातली कुणी ज्युनियर नर्स अशीच चालायची म्हणे.

त्यांचा सगळा जीव पहिल्या फेरीत. फायनल त्या मेथी निवडत बघायच्या, कधीकधी अर्ध्यात उठून कुकर लावायच्या. मी एकदा विचारलं, तर म्हणाल्या, "फायनल काय, सगळं जग बघतं. पहिल्या फेरीत हरणाऱ्याला कोण बघतं? एवढ्या लांबून विमानाने यायचं, दीड तासात हरायचं, आपली बॅग आपणच उचलून चालू पडायचं. त्याला आपण बघायचं." आणि चुकीवर टाळी वाजवायची नाही, हा त्यांचा कडक नियम होता. एकदा नावडत्या खेळाडूने चेंडू जाळीत मारला आणि मी टाळी वाजवली. त्यांनी टीव्हीचा आवाज बंद केला. "वॉर्डात कुणी घसरून पडलं, तर आपण टाळ्या वाजवतो का रे?" नंतर अख्खा गेम आम्ही मुक्यानेच पाहिला. एरवी बोलणं अगदी शुद्ध, पण सामना रंगला की देवळा बाहेर यायचा. "आउट शे! आउट शे तो!" असं ओरडायच्या, मग लाजून कानटोपी सारखी करायच्या.

अशात पुण्यात मोठी स्पर्धा सुरू झाली. टीव्हीवरचे खेळाडू खरोखर पुण्यात येऊन खेळू लागले. सिस्टरांनी माझ्याकडे आयुष्यात एकच गोष्ट मागितली, तीही मागितल्यासारखी नाही. "एकदा समोर बसून बघायला हवं. टीव्हीवर पॉइंट संपला की लगेच दुसरं काहीतरी दाखवतात. हरलेला माणूस बॅग घेऊन जातो, तो पार दारापर्यंत कसा जातो, ते बघायचंय मला."

"जाऊ की सिस्टर! पुणं काय लांब आहे? पुढच्या वर्षी नक्की."

पुढच्या वर्षी कंपनीत ऑडिट निघालं. त्याच्या पुढच्या वर्षी मी गाडी घेतली, पण त्याच आठवड्यात मित्राचं लग्न होतं. मध्ये एक वर्ष कोरोनाने खाल्लं. दर वेळी मी "पुढच्या वर्षी" म्हणायचो आणि दर वेळी सिस्टर "बघू" म्हणायच्या.

मग एका वर्षी आमच्या साहेबांना पुण्याच्या सामन्यांचे पास मिळाले, तेही चांगल्या जागेचे. साहेब, दोन सहकारी आणि मी, गाडी माझी. पाचवी जागा रिकामी होती. एक पास शिल्लकही होता. साहेबांनी आपण होऊन विचारलं, "आणखी कुणी आहे का?" माझ्या डोळ्यांसमोर सिस्टर आल्या. कानटोपी, डब्यात दशम्या आणि ठेचा, गुडघ्यामुळे दर तासाला गाडी थांबवणं, आणि साहेबांच्या शेजारी बसून "आउट शे!" मी म्हणालो, "नाही सर, कुणी नाही." हे वाक्य मी किती सहज बोललो, ते आजही आठवतं.

सिस्टरांना सांगितलं, की कंपनीचं ट्रेनिंग आहे, दोन दिवस पुण्याला जातोय. "स्वेटर घेऊन जा," त्या म्हणाल्या.

सामना कुठला पाहिला ते मला नीट सांगता येणार नाही. मी साहेबांशी बोलत होतो, फोनवर फोटो पाठवत होतो. एकदा मोठ्या पडद्यावर आमचीच रांग दिसली, तेव्हा आम्ही चौघांनी हात हलवले.

परत आलो त्या संध्याकाळी बाकरवडीचा पुडा घेऊन खाली गेलो. सिस्टरांनी दार उघडलं. चेहरा उजळलेला होता, हे मला तेव्हाही दिसलं होतं. मला बसवलं, चहा ठेवला, समोर येऊन बसल्या.

"मग? कसं झालं पुणं?"

"कसलं काय, सिस्टर. दोन दिवस नुसतं हॉलमध्ये कोंडून घातलं होतं. बाहेरचं ऊनही दिसलं नाही."

त्यांनी बाकरवडीचा पुडा उचलून बाजूला ठेवला. मग चहा उतू चालला म्हणून आत गेल्या. चहा पिताना आम्ही पाणी कमी दाबाने येतं त्यावर बोललो. मी उठून दारापर्यंत आलो, तेव्हा मागून म्हणाल्या, "निळा शर्ट चांगला दिसत होता तुला." तो शर्ट मी पुण्यासाठीच घेतला होता आणि तिथेच पहिल्यांदा घातला होता. मी वळून काहीतरी बोलायला हवं होतं. चपला घातल्या आणि जिना चढून गेलो.

त्या याबद्दल पुन्हा कधीच काही बोलल्या नाहीत. पुढच्या जानेवारीत कप होता, चहा होता, पण मी घड्याळ बघत लवकर उठायचो. यंदा काहीही झालं तरी त्यांना नेणार असं मनाशी ठरवलं होतं, बोलायला धीर होत नव्हता. तेवढ्यात बातमी आली, की स्पर्धा आता पुण्यात होणार नाही. मी ती बातमी त्यांना सांगितली, तीही खाली बघत. त्यांनी उलट मलाच समजावलं. "अरे, स्पर्धाच ती. कुठे ना कुठे होईलच."

त्याच उन्हाळ्यात गुडघे पार कामातून गेले आणि भाचा त्यांना देवळ्याला घेऊन गेला. टीव्ही टेम्पोत मीच चढवला. "येतो भेटायला," म्हणालो. फोन करायचो, सणावाराला. गेलो मात्र नाही. दीड वर्षाने भाच्याचाच फोन आला. सकाळी चहा मागितला आणि पिण्याआधीच गेल्या, म्हणाला.

दहाव्याला मी देवळ्याला गेलो. घराबाहेर कांद्याच्या गोण्या रचलेल्या, ओट्यावर माणसं बसलेली. भाचेसून पाणी घेऊन आली आणि माझ्याकडे निरखून बघू लागली.

"तुम्ही नाशिकचे ना? वरच्या मजल्यावरचे? आम्ही तुम्हाला टीव्हीत पाहिलंय."

मी ग्लास घेऊन तोंडाला लावला.

"पुण्याच्या मॅचमध्ये. मावशींनी नाशिकहून फोन केला होता, टीव्ही लावा म्हणून. आम्हाला टेनिसमधलं काय कळतंय? पण फोनवर नुसत्या ओरडत होत्या, 'तो दखा, मना पोऱ्या शे तो!' माझा मुलगा आहे म्हणे तो. इतक्या खूश त्या कधीच वाटल्या नव्हत्या. ट्रेनिंगमधून वेळ काढून गेला बघ, म्हणाल्या. उद्या येईल तो, सगळं सांगेल मला, मग तुम्हाला सांगते."

ती रिकामा ग्लास घ्यायला थांबली.

"नंतर आम्ही दोन-तीनदा विचारलं, काय सांगितलं हो त्यांनी? पण मावशी कधी काही बोलल्याच नाहीत. काय सांगितलं होतं तुम्ही?"