नाव घ्या की तिचं!

"पोरींनी गावाचं नाव काढलं," असं कुणी कौतुकानं म्हणालं, की आत्या लगेच त्याच्या अंगावर जायच्या. "काढलं न्हवं? मग घ्या की तिचं नाव! कंच्या पोरीनं काढलं?" समोरचा हसून वेळ मारून न्यायचा. आत्या मात्र कमरेवर हात ठेवून उत्तराची वाट बघत उभ्या राहायच्या.

कळंबच्या मुलींच्या फुटबॉल संघातली गोलकीपर साक्षी, तिच्या या आत्या. मग साऱ्या संघाच्या झाल्या आणि हळूहळू माझ्याही. पन्नाशी उलटलेली, भावाच्या रानात दोडक्या-कारल्याचे मांडव सांभाळणारी, आणि बसणं म्हणजे काय ते ठाऊकच नसलेली बाई. खुर्ची दिली तर तिच्यावर पिशवी ठेवायच्या आणि स्वतः फेऱ्या मारायच्या. तुमच्याही ओळखीत असं एखादं माणूस असेल. अशा माणसाशी बोलायचं तर आपली मान सारखी इकडून तिकडं फिरवावी लागते.

माझा बारामतीत फोटो स्टुडिओ आहे. लग्नसराई संपली की मी स्पर्धांचं लाईव्ह करतो. आमच्या भागात मैदान म्हणजे कुस्ती नाहीतर क्रिकेट. पण काही वर्षांपूर्वी इंदापूर तालुक्यातल्या एका मंडळानं पुढाऱ्याच्या वाढदिवसाला फुटबॉलचा चषक सुरू केला. पुरुषांचे संघ पार कोल्हापूरहून बोलावले. त्यांना जेवणखाण, नवे टी-शर्ट, वर ड्रोन, आणि समालोचनाला खास पुण्याचा माणूस. मुलींचा सामना सकाळी, पाहुणे यायच्या आधी, अर्ध्या मैदानावर. उरलेल्या अर्ध्यावर मांडववाले खुर्च्या लावत होते आणि मी वायरी अंथरत होतो.

"ओ फोटोवाले, हे चालू हाय का?"

"नाही मावशी, सामने अजून सुरू व्हायचेत."

आत्यांनी मैदानाकडं बोट केलं. "आन ह्या पळत्यात त्या काय धुणं वाळत घालत्यात व्हय?"

मंडळानं मला सुपारी फक्त पुरुषांच्या सामन्यांची दिली आहे, असं मी सांगितलं.

"वायर टाकलीया, कॅमेरा हाय, तुमी हाय. मग बटन दाबाया मुहूर्त लागतो का?"

मी बटण दाबलं. समालोचक अजून लॉजवरच होता. त्याचा माईक आत्यांनी उचलला.

तसं समालोचन मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं. फुटबॉलचे नियम आत्यांना मुळीच ठाऊक नव्हते, आणि त्याची त्यांना खंतही नव्हती. "प्राजक्ताकडं चेंडू. प्राजक्ता पळसदेवची. आई मासं इकती. पोरगी पहिल्या येष्टीनं उपाशी आलीया. मार प्राजक्ता! ...आता त्या माणसानं फडकं वर केलंय. कशापायी ते मला ठावं न्हाय, पण पोरीची काय चूक न्हाय." खुर्च्या लावणारी माणसं हातातली खुर्ची तशीच धरून ऐकत राहिली. पंचांना शिट्टी वाजवताना हसू आवरेना. आणि आत्या दोन्ही संघांतल्या मुलींची नावं घेत होत्या. समोरच्या संघातल्या एकेकीला त्यांनी सामन्याआधीच गाठून विचारून ठेवलं होतं.

दोन दिवसांनी त्या पेपर घेऊन स्टुडिओत आल्या. पुरुषांच्या अंतिम सामन्याची बातमी होती, मोठा रंगीत फोटो होता, पाहुण्यांची नावं ओळीनं होती. तळाशी एक वाक्य होतं: मुलींचाही सामना उत्साहात पार पडला.

"उत्साहात पार पडला," आत्या म्हणाल्या. "हळदीकुंकू हुतं का?"

मी त्यांना मोटारसायकलवर बसवून त्या पेपरच्या कचेरीत नेलं. वार्ताहर माझ्या ओळखीचा, भला माणूस. "मावशी, पान जाहिरातीवर चालतं," तो म्हणाला. "मुलींना कुणी प्रायोजक मिळवा. बातमी मी मोठी लावतो." तिथून आम्ही पुरुषांच्या संघाला टी-शर्ट देणाऱ्या ट्रॅक्टरच्या शोरूममध्ये गेलो. मालकानं चहा पाजला. "देऊ की मावशी. पण पोरी दिसतात कुठं? पेपरात नाहीत, टीव्हीवर नाहीत. त्यांच्या पाठीवर आमचं नाव छापलं तर वाचणार कोण?"

बाहेर आल्यावर आत्या म्हणाल्या, "ह्यो म्हणतो त्याच्याकडं जा, त्यो म्हणतो ह्याच्याकडं जा. मी काय फुटबॉल हाय?"

मी हसलो. त्या हसल्या नाहीत. गाडीवर मागं बसल्यावरही त्यांचा पाय हलत असलेला मला जाणवत होता. पिशवीत साक्षीचे हातमोजे होते, शिवणीत उसवलेले. ते घरी जाऊन त्यांनी मांडवाच्या सुतळीनं शिवले.

पुढच्या वर्षी मात्र मुलींचे जास्त संघ आले, आणि अंतिम सामना दुपारी, पुरुषांच्या आधी ठेवला गेला. तो रखडला. बरोबरी होती, बराच खेळ बाकी होता, आणि पुढाऱ्यांच्या गाड्या मैदानात शिरल्या. मंडळाचे अध्यक्ष धावत पंचांकडे गेले. "थांबवा. दोन्ही संघ विजेते म्हणून जाहीर करू. साहेबांना पुढं कार्यक्रम आहे."

शिट्टी वाजली. मुली जागच्या जागी उभ्या राहिल्या. "का थांबवलं?" साक्षी गोलमधून ओरडली.

अध्यक्ष समालोचन करणाऱ्या आत्यांकडं माईक मागायला आले. आत्यांनी तो मुकाट्यानं त्यांच्या हातात दिला. मला वाटलं, संपलं. मग त्या बोलल्या, आणि माईक जवळच असल्यानं ते सगळ्या मैदानाला ऐकू गेलं. "अध्यक्ष, खुशाल थांबवा. मैदान तुमचं हाय. फकस्त ह्या पोरी कोण, तेवढं सांगून थांबवा. एकीचं तरी नाव घ्या."

अध्यक्षांनी मैदानाकडं पाहिलं. तोंड उघडलं. कर्ण्यातून नुसता त्यांचा श्वास ऐकू आला. तेवढ्यात बायकांच्या घोळक्यातून कुणीतरी, लग्नात नवरीला ओरडावं तसं ओरडलं, "घ्या की नाव! लाजताय कशाला?" हशा पिकला. मग चहूकडून सुरू झालं, नाव घ्या, नाव घ्या! कोल्हापूरचे खेळाडूसुद्धा टाळ्या वाजवू लागले. शेवटी पाहुणेच हसत खुर्चीत बसले. "होऊ द्या हो पुरा."

सामना पुरा झाला आणि कळंब हरलं. चेंडू साक्षीच्या बोटांना लागून आत गेला. आत्यांनी तेही जसंच्या तसं सांगितलं. "गोल झाला. साक्षीचा हात पुरला न्हाय. मारणारी समृद्धी, सोमेश्वरनगरची. चांगला मारला." मग माईक खाली ठेवून त्या तरातरा मैदानात गेल्या, आणि साक्षीचं रडं कुणाला दिसू नये म्हणून तिच्या डोक्यावरून पदर घेऊन तिला बाहेर आणलं.

यानंतर सगळं बदललं असेल, असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटलं होतं. पुढच्या वर्षीच्या फ्लेक्सवर मुलींचा सामनाच नव्हता. पुरुषांचं बक्षीस वाढवलं, त्यामुळं मुलींसाठी तरतूद उरली नाही, असं अध्यक्षांनी अगदी गोड बोलून सांगितलं. आत्या भांडल्या नाहीत. "मैदान त्यांचं. आपुन दुसरं बघू," म्हणाल्या, आणि चपला घालून निघाल्यासुद्धा.

दुसरं मैदान त्यांनी पळसदेवला शोधलं. उन्हाळ्यात उजनी धरणाचं पाणी मागं सरलं की काठाला गाळाची सपाट जमीन उघडी पडते. तिथं बांबू रोवून त्यांनी गोल उभे केले. रविवारी आसपासच्या गावांतल्या मुली जमायच्या. मी मोबाइलवरून लाईव्ह करायचो. बघणारे मोजकेच.

"कोण कोण आलंय?" आत्या रेषेवरून येरझारा घालता घालता विचारायच्या. मी वाचून दाखवायचो. प्राजक्ताचे मामा सुरतेहून, कुणाची बहीण पुण्याच्या होस्टेलवरून. आत्या माईकवरून कुणाला रामराम घालायच्या, कुणाला जय भीम, आणि लगेच खेळाकडं वळायच्या. त्यांना हल्ली दम लागायचा. वाक्य मधेच तुटायचं.

"आत्या, बसा की जरा."

"बसून चेंडू दिसतो व्हय?"

एके दिवशी मार्केटला माल उतरवून त्या घरी आल्या, पाणी मागितलं, आणि पाणी येईपर्यंत गेल्या. मी कळंबला पोचलो तेव्हा अंगणात माणसं मावत नव्हती. साक्षी दाराशी उभी होती. तिचे डोळे कोरडे होते. मला बघून पुढं आली आणि हळू आवाजात म्हणाली, "दादा, रविवारी येणार न्हवं?"

गेलो. मोबाइल स्टँडवर लावला, माईक जोडला, आणि तो कुणाच्या हातात द्यायचा ते कळेना. मी स्वतः दोन वाक्यं बोलून पाहिलं. माझंच मला खोटं वाटलं, म्हणून गप्प झालो. खेळ सुरू झाला. थोड्या वेळानं पडद्यावर सुरतेच्या मामांचा संदेश आला: आवाज येत नाहीये.

मी तपासलं. आवाज चालू होता. पाण्यावरून येणारा वारा ऐकू येत होता, मुलींच्या धापा ऐकू येत होत्या, चेंडूवर पाय बसल्याचा ठप्प आवाज येत होता. साक्षीनं उजवीकडं झेप घेऊन एक गोल अडवला.

आवाज येत नाहीये, मामांनी पुन्हा लिहिलं.