घाडीभाऊंच्या पेशी

घाडीभाऊंच्या पेशींवर मी माझ्या हातानं ब्लीच ओतलं, हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. सहा आठवड्यांपूर्वी इथल्या जिदहफ्स भागातल्या त्यांच्या खोलीवरून फोन आला, ‘भाऊ कामावर निघता निघता कोसळले, हार्ट... खलास,’ तेव्हा माझ्या मनात आधी दुःख आलं नाही. आता ते विचारणार नाहीत, हे आलं. हा विचार मनात येऊन गेल्यापासून मला एका जागी बसवत नाही.

वसंत घाडी सिंधुदुर्गातले, फरशी बसवणारे मिस्त्री. वीसेक वर्षं बहरीनमध्ये, त्यातली निम्मी गुडघ्यांवर. अडीच वर्षांपूर्वी गुडघ्यात दुर्बीण घालून आतला सुटलेला तुकडा काढायचं ठरलं. तो तुकडा कूर्चेचा, म्हणजे हाडांच्या टोकांवर जी गुळगुळीत गादी असते तिचा. कूर्चेला रक्तपुरवठा नसतो, म्हणून ती झिजली की आपणहून भरून येत नाही. तिच्यातल्या पेशी बाहेर वाढवता येतील का, यावर आमच्या लॅबमध्ये काम चालू होतं आणि मी तिथला टेक्निशियन. संमतीचा कागद इंग्रजी आणि अरबीत, म्हणून डॉक्टरांनी मला बोलावलं, ‘तुमच्या भाषेत सांगा.’ मी सांगितलं, पेशी डिशमध्ये ठेवून वाढवणार, अभ्यास करणार. भाऊंनी पेन हातात घेऊन विचारलं, “आणि मगे परत गावतली मा माका?” परत मिळतील ना. उत्तर ‘नाही’ होतं. अभ्यास तेवढ्यापुरताच होता. पण डॉक्टर घड्याळ बघत होते, भाऊ आशेनं बघत होते, आणि मी म्हणालो, “इंशाल्ला.”

इथं राहिलेल्या माणसाला हा शब्द कळतो. व्हिसाच्या खिडकीवर ऐकला की काम होणार नाही असं समजून घरी जायचं. मला वाटलं, भाऊही तसाच घेतील. त्यांनी तो देवाचं नाव म्हणून घेतला आणि सही केली.

मग आमच्या हमद टाउनच्या फ्लॅटमधल्या स्वयंपाकघरातल्या फरश्या उचलल्या गेल्या, त्या बसवायला तेच आले, आणि शुक्रवारी येणं-जाणं सुरू झालं. दारातूनच ओरडायचे, “काय ओ डाक्टर, पोरां कशी आसत माजी?” पोरं म्हणजे पेशी. मी डॉक्टर नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. एकदा मी त्यांना खरंच नीट समजावलं होतं, की या पेशी डिशच्या सपाट तळावर पसरल्या की लांबट होतात, कूर्चा बनवायचं काम विसरतात. जेलच्या गोल थेंबात कोंडलं तर काहींना ते पुन्हा आठवतं. भाऊ हसले. “सपाटीवर इली की काम विसरतत? माजा तर सगळा काम सपाटीवरच!” त्यांच्या पेशींना मात्र थेंबातही काही आठवलं नाही. चार महिन्यांत त्या डिश नोंदवहीतून बाद झाल्या. ब्लीच ओतून फेकायची पाळी माझी होती.

त्याच आठवड्यातल्या शुक्रवारी सांगायचं ठरवून मी बसलो होतो... चहा झाला, दुसरा झाला. त्यांनी फोटो मागितला. मी दिला. दुसऱ्याच कुणाच्या पेशींचा, गोल, चकचकीत. तो त्यांनी मोबाइलच्या पडद्यावर लावला.

पुढं डॉक्टरांनी कृत्रिम सांधा सुचवला. भाऊ म्हणाले, “लोखंड कित्याक? घरचो माल वाढताहा.” मी समोर बसलेलो. तेव्हा तरी बोलायला हवं होतं. ते लंगडत राहिले, वेदनाशामक गोळ्या खात राहिले, आणि गावी कायमचं जायचंही पुढं ढकलत राहिले. “धड पायांनी जातंय, शालन काठी बघूक नको.” म्हणजे गावी वाट बघणाऱ्या त्यांच्या बायकोची, शालनवहिनींची, ही दोन वर्षंही माझ्यामुळेच गेली. हे मी हिशेब म्हणून लिहीत नाही, हे असंच आहे.

शेवटचे आले तेव्हा त्यांना खाली बसता येईना. स्टूलावरूनच थापीच्या दांड्यानं फरश्या ठोकत आवाज ऐकत गेले. सिंकपाशी थांबले. पुन्हा ठोकलं. “ही पोकळ वाजता. खाली माल भरलो नाय. माजीच चूक. पुढच्या शुक्रवारी काढून बसवतंय.” मी म्हणालो, “राहू द्या भाऊ, दिसत नाहीये.” “दिसत नाय,” ते म्हणाले, “पण माका म्हायत हा ना.”

सामानाबरोबर मोबाइल गावी गेला. गेल्या आठवड्यात वहिनींचा फोन आला. त्या पडद्यावरचा फोटो आल्यागेल्याला दाखवतात. “भावजी, ह्यांचा सगळा जळला. पण ता थयसर जितां आसा मा?” तिथं ते जिवंत आहे ना. मी म्हणालो, “बघून सांगतो.” बघण्यासारखं काही नाही, हे मला त्या क्षणीही माहीत होतं.

मिस्त्री दुसरा मिळेल, बायको म्हणते. मी नको म्हणतो, कारण सांगत नाही. सकाळी पाणी प्यायला गेलो की टाच त्या फरशीवर पडते आणि ती वाजते.

भाऊंना जे द्यायचं राहिलं ते आता देता येणार नाही. वहिनींना मी एक ‘नाही’ देणं लागतो. आणि तो फोटो भाऊंच्या पेशींचा नाही, हेही.