भाऊजी आणि रोहण्याचा गोटा

आमच्या भाऊजींना माणूस ओळखणं उभ्या जन्मात जमलं नाही. दगड ओळखण्यात मात्र ते कधी फसले नाहीत. ताईशी लग्न लागलं त्याच दिवशी त्यांनी माझ्या काकांना आचारी समजून भाजीत मीठ कमी असल्याचं बजावलं होतं. पण रस्त्याकडेच्या गिट्टीतली, कोट्यवधी वर्षांपूर्वी दगड होऊन बसलेली गोगलगाय ते चालत्या सायकलवरून हेरत. नागपूरला वर्षभर भूगर्भशास्त्र शिकून वर्ध्याच्या कचेरीत कारकून झालेले हे गृहस्थ. सिंदी मेघेतल्या त्यांच्या दोन खोल्यांत पाहुण्याआधी जीवाश्मांची सोय होई. दगड हाती आला की आधी वजन बघायचं, मग टिचकी मारून आवाज ऐकायचा, मग ओला करून शिरा शोधायच्या. पाणी नसलं तर सरळ जीभ लावायची. मग समोर साहेब उभे असोत की व्याही.

एकदा आंजीचा एक शेतकरी डायनासोरचं अंडं म्हणून गोल धोंडा बैलगाडीत घालून घेऊन आला. भाऊजींनी नखाने त्याचा पापुद्रा सोलला. "हा कांद्यावानी सुटून राह्यला, बावा. आपला काळा गोटा उन्हापावसानं असाच गोल होते. अंडं नोहे." माणसाचा चेहरा पडला. भाऊजींनी त्याला जेवूखाऊ घालून, धोंडा स्वतः उचलून गाडीत ठेवून निरोप दिला.

सत्त्याहत्तर-अठ्ठ्याहत्तरचा सुमार असेल. रोहण्याला माझ्यासाठी मुलगी पाहायला जायचं होतं. वडील नव्हते, म्हणून बोलणी भाऊजींकडे आली. आर्वीच्या एका लग्नात मी त्या मुलीला ओझरतं पाहिलं होतं आणि मनातून केव्हाच होकार देऊन बसलो होतो, त्यामुळे माझा जीव मुठीत. ताईने निघताना नवऱ्याला दम भरला, "आज खाली पाहू नका. लोकायच्या घरी गोटे चाटाचे नाई!"

बिचारे भाऊजी बसथांब्यापासून आभाळाकडे बघत चालले. पोहे झाले, चहा आला. मुलगी कपबश्यांचा ट्रे घेऊन मागच्या दारात उभी राहिली. तिच्या वडिलांनी अदबीने विचारलं, "मंग पावणे, पसंत हाय का?"

भाऊजींची नजर दारावर खिळली होती. "वा! असं मी साऱ्या जिल्ह्यात नाई पाह्यलं," ते भारावून म्हणाले. "फक्त एकदा पाणी टाकून पाहू द्या."

ताईने पदर तोंडाला लावला. मुलीच्या वडिलांचा हात मिशीवर थांबला. तेवढ्यात भाऊजी आपल्या पलीकडे बघताहेत हे ओळखून मुलीने मागे वळून पाहिलं. अंगणात कपडे धुवायचा लांबट दगड होता. तिच्या सारं ध्यानात आलं. हसू दाबत तिने ट्रे खाली ठेवला आणि दगडावर बादलीभर पाणी ओतलं.

ओल्या दगडावर लाकडाच्या शिरा उमटल्या. तुटल्या टोकाला एकात एक वलयं. भाऊजी अंगणात धावले आणि उकिडवे बसून त्यांवरून बोट फिरवू लागले.

"म्हंजे लाकूड हाय का गोटा?" वडिलांनी राग विसरून विचारलं.

"झाड होतं. आता गोटा हाय."

"मले वाटेच," मुलगी म्हणाली, "बाकीच्या गोट्याले अशा शिरा काऊन नाई म्हून."

भाऊजींनी मान वर करून तिच्याकडे पहिल्यांदाच नीट पाहिलं. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "हो म्हण लवकर, येड्या!" वडील आधी हसले, मग सगळी बैठक हसली. त्या माघात आमचं लग्न झालं.

आता भाऊजींना फारसं दिसत नाही. परवा ही शेतातून एक खडा घेऊन त्यांच्याकडे गेली. त्यांनी तो कानाशी धरून टिचकी मारली, अंगठ्याने कितीतरी वेळ चाचपला.

"साधा गोटा हाय, बाई," ते म्हणाले.

हिने परत घ्यायला हात पुढे केला. भाऊजींनी मूठ मिटली. "राहू दे," ते म्हणाले, "गरम झाला आता."