तांबटकाकांचा पूर्ण पत्ता

लोकशाही माणसाच्या सहीवर उभी असते, असं तांबटकाका म्हणत. आमच्या पंचवटीतल्या चौकात ती पानटपरीला टेकून उभी असे, कारण तिथल्या खडूनं लिहायच्या फलकाचा एक पाय मोडलेला होता.

नव्वदच्या दशकात सरकारी कचेरीतून निवृत्त झाल्यापासून काका रोज सकाळी खडू घेऊन तिथं जात आणि जे खटकेल ते लिहीत. खाली ठळक सही: ‘गो. रा. तांबट, समोरचे घर, वरचा मजला.’ खालच्या मजल्यावर मी राहत होतो, त्यामुळे चिडलेली माणसं आधी माझंच दार वाजवत. एकदा नळाच्या गढूळ पाण्यावरून नगरसेवक स्वतः आले.

“काका, हे काय लिहिलंत?”

“वाचलंत ना? मग हा खडू घ्या आणि खाली उत्तर लिहा. सही मात्र पाहिजे.”

नगरसेवकांनी खरंच लिहिलं. काकांनी त्यातलं शुद्धलेखन तेवढं सुधारलं. “मजकूर त्यांचा, ऱ्हस्व-दीर्घ माझे,” असं मला सांगितलं. चार दिवसांनी पाणी स्वच्छ आलं. ते फलकामुळे की गाळ आपोआप बसल्यामुळे, हे कळायला मार्ग नव्हता. काकांच्या मते फलकामुळे. बिनसहीच्या मजकुराची मात्र त्यांना चीड होती. “फोन करायचा आणि बोलायचं नाही, अशातला प्रकार,” म्हणत.

पुढे नवं शतक लागलं आणि आमच्या भागातलं एका ट्रस्टचं जुनं प्रसूतिगृह विकायला निघालं. मखमलाबादकडच्या मळ्यांतल्या फुलं-भाजीवाल्या बायका तिथंच बाळंत होत. त्यांतल्या सुमनबाईंची चारही मुलं तिथली. त्या काकांकडे आल्या. “काका, शिविल हास्पिटल लय लांब पडतं हो. बाई रिक्षातच मोकळी व्हायची. तुम्ही लिवा ना कायतरी.”

काकांनी लिहिलं. पण फलक वाचणारे आता म्हातारे होते आणि त्यांना बाळंतपणाची चिंता नव्हती. तेव्हा सुनेनं, वर्षानं, सुचवलं, “बाबा, पोरं आता चौकात वाचत नाहीत, कॉम्प्युटरवर वाचतात.” त्या दिवसांत एक साइट फार जोरात होती, आता ती बंद पडली आहे. तिथं नाव नोंदवायला काका इस्त्रीचा शर्ट घालून बसले. साइटनं जे जे विचारलं, ते ते त्यांनी भरलं. मद्यपान: नाही. पाळीव प्राणी: नाहीत. फॅशन: स्वच्छ. स्वतःविषयी: पूर्ण नाव, पूर्ण पत्ता, मारुती मंदिरासमोर, भेटण्याची वेळ संध्याकाळी चहानंतर.

“बाबा, एवढं सगळं लिहायचं नसतं!”

“मग विचारतात कशाला?”

‘प्रसूतिगृह वाचवा’ नावाची कम्युनिटी, म्हणजे साइटवरचा गट, निघाली. तिथल्या भाषेत काका तिचे मालक झाले. जन्म भाड्याच्या घरात गेलेला हा माणूस पहिल्यांदाच कशाचा तरी मालक झाला होता. सदस्य भराभर वाढले. बहुतेकांची नावं टायगर, किंग, डेव्हिल अशी. काका प्रत्येकाला पत्र धाडत: ‘आपले पूर्ण नाव व गाव कळवावे.’ एकानं उलट लिहिलं, ‘अंकल, चिल.’

“चिल म्हणजे?”

“थंड घ्या,” वर्षा म्हणाली.

“मी थंडच आहे. त्याला म्हणावं, नाव सांग.”

तरीही ट्रस्टच्या दारावर काढलेल्या मोर्चाला पोरं आली. मळ्यांतल्या बायका लेकरं कडेवर घेऊन आल्या. ट्रस्टींनी घाबरून विक्री पुढं ढकलली. सुमनबाईंनी काकांना झेंडूचा हार घातला. त्यांनी तो लगेच काढून फलकाला घातला.

आणि मग एका दुपारी, आमच्याकडे वीज गेलेली असताना, कम्युनिटीत कुणीतरी एका थोर पुरुषाबद्दल घाण लिहिलं. कुणाबद्दल ते इथं सांगत नाही. त्यासाठी पुन्हा माणसं जमतील. भारनियमनामुळे काकांना ते दिसलं नाही, पुसताही आलं नाही. ज्या भागात वीज होती, तिथं कुणीतरी त्याचे कागद काढले आणि वाटले. लिहिणाऱ्याचं नाव ‘किंग’ एवढंच होतं. मालकाचं मात्र पूर्ण होतं, पत्त्यासकट.

तो कागद घेऊन काही पोरं संध्याकाळी घरी आली, चहानंतरच. काकांनी “या” म्हटलं. कागद हातात घेऊन वाचला.

“घाणेरडं आहे. ज्यानं लिहिलं त्याला आणा. मी सांगतो त्याला.”

“तो कुठंय आम्हाला काय ठाऊक? मालक कोण?”

“मी.”

एकाच्या हातात जळक्या ऑइलचा डबा होता. दुसरा आमच्याच गल्लीतला. तो हळूच म्हणाला, “काका, चष्मा काढून ठेवा.” काकांनी चष्मा काढला आणि वर्षाकडे दिला. मग त्यांच्या तोंडाला काळं फासलं. मी जिन्यात होतो. आवाज फक्त घोषणांचा होता, काकांचा नव्हता.

पोलिसांनी गुन्हा नोंदवला, काकांवर. “मालक आहात असं तुम्हीच लिहून दिलंय ना?” साहेबांनी विचारलं. काका “हो” म्हणाले. दुसरं उत्तर त्यांना येत नव्हतं.

दोन दिवसांनी सुमनबाई मागच्या जिन्यानं आल्या. “तुम्ही लिवलं नाय, मला ठावं हाय. पण घरचे नाय म्हणतेत, काका. आम्हाला नाय येता येणार.”

“घरच्यांचं ऐका.”

“अन् दवाखान्याचं?”

कानामागं राहिलेलं ऑइल काका रॉकेलच्या बोळ्यानं पुसत बसले.

अशा माणसाशी चर्चा करणार नाही, असं ट्रस्टींनी जाहीर केलं आणि विक्रीच्या वादातून त्यांची सुटका झाली. पोरं दुसऱ्या कम्युनिटीत गेली. वर्षा म्हणाली, “बाबा, बंद करून टाकू का?” काका म्हणाले, “नको. मालक पळाला असं दिसेल.” रोज रात्री जेवणाआधी ते ती उघडत आणि नव्या शिव्या एकेक करून पुसत. चौकात मात्र पुन्हा गेले नाहीत.

काका दोन वर्षांत गेले. कोर्टाची तारीख त्यानंतरच्या महिन्यात होती. शोकसभेत वक्ते सत्याच्या अंतिम विजयाबद्दल बराच वेळ बोलले. सभा संपल्यावर त्यांच्या गाड्या जिथं लावलेल्या होत्या, तिथून आम्ही त्या काढून दिल्या. ती जागा प्रसूतिगृहाची. तिथं आता पार्किंग आहे. पहिला अर्धा तास मोफत.